ढब्बूचे मोठे झालेले हृदय आणि चार वर्षे आम्ही त्याला घातलेले खाणे

पाऊलवाट (धागाकर्ती)

आमचा ढब्बू साडेसहा वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर आहे. तीन आठवड्यांपूर्वी दारावरची बेल वाजली, तो नेहमीप्रमाणे भुंकत धावला आणि अर्ध्या वाटेत मागचे पाय गळून आडवा पडला. पंधरा-वीस सेकंदांत उठला आणि काहीच न घडल्यासारखी शेपूट हलवू लागला, त्यामुळे लादी ओली असेल, पाय घसरला असेल, असे आम्ही एकमेकांना सांगितले. लादी कोरडी होती. मी हात फिरवून पाहिला होता, तरीही मी तेच म्हणत राहिले.

चार दिवसांनी तो पुन्हा पडला, तेव्हा मात्र आम्ही त्याला घेऊन गेलो. ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि त्यानंतर हृदयाचा इको असे सगळे सोपस्कार झाले. निदान आले डायलेटेड कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू कमजोर होऊन कप्पे फुगत जाणे. डॉक्टरांनी पडद्यावर डावीकडचा खालचा कप्पा दाखवला. त्याच्या भिंतींनी आत यायला हवे होते, पण त्या वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्यासारख्या नुसत्या थरथरत होत्या. फुप्फुसांत अजून पाणी झालेले नाही, मात्र ठोक्यांची लय मधूनमधून चुकते आहे आणि बेशुद्ध पडण्याचे कारण बहुधा तेच असावे, असे त्यांनी सांगितले. हृदयाचे आकुंचन जोरकस करणारी पिमोबेंडान ही गोळी आणि लयीसाठी आणखी एक गोळी सुरू झाली आहे.

त्यानंतर त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘‘याला खायला काय घालता?’’ मी जवळजवळ अभिमानानेच सांगितले, की चार वर्षांपासून धान्यविरहित कोरडे खाद्य घालतो, कारण त्याला खाज सुटायची, आणि आहे त्यातले सगळ्यात चांगले आम्ही निवडले आहे. मी पाकिटाचा फोटो दाखवला. घटकांच्या यादीत मांसाच्या खालोखाल वाटाणे, मसूर, वाटाण्याचे प्रथिन आणि छोले असे ओळीने लिहिले होते. डॉक्टरांनी फोटो मोठा करून वाचला आणि म्हणाले, ‘‘हे आजपासून बदलायला घ्या. यानेच झाले असे मी म्हणणार नाही, पण याने झालेच नाही असेही मला म्हणता येणार नाही.’’

तेव्हापासून मला हे वाक्य सोडून दुसरे काही सुचत नाही. घरात अजून दीड पोते तेच खाद्य आहे आणि त्या कोपऱ्याकडे मला बघवत नाही. आमच्याकडे सई नावाची दुसरी कुत्रीही आहे, देशी वाणाची, आठ वर्षांची, आणि तीही तेच खात आली आहे. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना विचारते, की आता नेमके काय खायला घालावे, आणि रोज सकाळी याच्या वाडग्यासमोर उभे राहिल्यावर जे वाटते त्याचे काय करावे?

शेपूटवाला

पाऊलवाट, तुमचे लिहिणे वाचून मला आमच्या पिंट्याच्या निदानाचा दिवस आठवला. त्याचा आजार वेगळा आहे. तो लहान जातीचा, अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप झिजून गळू लागली आहे. कुत्र्यांच्या हृदयविकारांत झडपेचा हा आजार सगळ्यात जास्त आढळतो, आणि तुमच्या ढब्बूला झालेला स्नायूचा आजार प्रामुख्याने मोठ्या जातींत. खाण्याबद्दल जाणकार लिहितीलच. मला ज्याचा आधार झाला तेवढेच सांगतो.

झोपेतले श्वास मोजा. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर आली आणि खाली गेली की एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचे आणि वहीत लिहायचे. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. नेहमीपेक्षा आकडा वर जाऊन तीसच्या पुढे टिकून राहिला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. स्वप्नात पाय झाडत असेल, धापत असेल किंवा नुकताच फिरून आलेला असेल तेव्हाचे मोजमाप धरायचे नाही. फुप्फुसांत पाणी साठू लागले की खोकला किंवा दम दिसण्याआधी बहुतेक वेळा हा आकडा हलतो.

पहिल्या आठवड्यात मी रात्री तीन-तीनदा उठून मोबाइलचा प्रकाश त्याच्या बरगड्यांवर टाकायचो. शेवटी तो एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचा, आणि तो जागा झाला की सगळी मोजणी फुकट. आता रोज एकदा, त्याच वेळी, दिवा न लावता, पाठीवरचा एक पांढरा झुपका बघून मोजतो. पिंट्याचा नेहमीचा आकडा अठरा ते बावीस आहे. गेल्या पावसाळ्यात तो एका रात्री चौतीसवर गेला, दुसऱ्यांदा मोजला तर छत्तीस. आम्ही लगेच निघालो, फ्युरोसेमाइडचे, म्हणजे जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन मिळाले आणि तो घरी परत आला. तोपर्यंत त्याने एकदाही खोकून दाखवले नव्हते.

वहीचा दुसरा उपयोग मला उशिरा कळला. दिवसभर त्याच्याकडे संशयाने बघत राहण्याची सवय तिच्यामुळे सुटली. मोजायचे ते मोजून झाले की बाकीचा वेळ तो माझा कुत्रा असतो.

जुनाजाणता

मी पशुवैद्य आहे, मात्र हृदयरोगतज्ज्ञ नाही. तुमच्या डॉक्टरांचे ते वाक्य तुम्हाला टाळाटाळीचे वाटले असेल, पण ते तोलून बोलले आहेत. त्यामागची हकिगत सांगतो, म्हणजे ते कशाच्या आधारावर बोलले ते कळेल.

मांजरांपासून सुरुवात करावी लागेल. 1987 मध्ये असे सिद्ध झाले, की खाद्यात टॉरिन हे हृदयाच्या स्नायूला लागणारे अमिनो आम्ल कमी पडल्यामुळे मांजरांना हाच आजार होत होता आणि टॉरिन दिल्यावर त्यांची हृदये सुधारत होती. मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळवावे लागते. कुत्रा मात्र मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांपासून ते स्वतः तयार करतो, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालण्याची सक्ती नव्हती. अपवाद तेव्हाही माहीत होते. अमेरिकन कॉकर स्पॅनियल या जातीत टॉरिन कमी पडून हृदय फुगलेले कुत्रे आढळले होते आणि टॉरिन व कार्निटीन हे आणखी एक पोषकद्रव्य दिल्यावर ते सुधारले होते. गोल्डन रिट्रीव्हरही अशाच नाजूक जातींपैकी आहे.

त्यानंतर जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले, की ज्या जातींत हा आजार सहसा होत नाही अशा कुत्र्यांमध्येही तो दिसतो आहे आणि त्यांच्या खाण्यात वाटाणे, मसूर, इतर कडधान्ये किंवा बटाटे हे मुख्य घटक आहेत. जून 2019 च्या अहवालात जानेवारी 2014 पासून आलेल्या 524 नोंदींचा हिशेब होता. त्या नोंदींतली नव्वद टक्क्यांहून अधिक खाद्ये धान्यविरहित होती आणि 93 टक्के खाद्यांत वाटाणे किंवा मसूर होते. जातवार पाहिल्यास सर्वाधिक नोंदी गोल्डन रिट्रीव्हरच्या होत्या. डिसेंबर 2022 मध्ये मात्र याच प्रशासनाने सांगितले, की केवळ अशा नोंदींवरून कार्यकारणभाव ठरत नाही आणि अर्थपूर्ण नवी शास्त्रीय माहिती आल्याशिवाय यापुढे जाहीर निवेदने दिली जाणार नाहीत.

म्हणजे संशय दाट आहे, यंत्रणा उलगडलेली नाही. अनेक आजारी कुत्र्यांच्या रक्तातले टॉरिन तर व्यवस्थित होते, त्यामुळे सगळा दोष टॉरिनच्या माथी मारूनही भागत नाही. पण व्यवहारात डॉक्टरला एक गोष्ट दिसते. डोबरमनसारख्या जातींच्या आनुवंशिक आजारात फुगलेले हृदय सहसा मागे फिरत नाही. खाण्याशी जोडलेल्या आजारात खाणे बदलल्यावर आणि औषधे चालू ठेवल्यावर काही कुत्र्यांची हृदये काही महिन्यांत लक्षणीय सुधारतात. कोणता कुत्रा कोणत्या गटातला, हे पहिल्या इकोवर सांगता येत नाही. ते खाणे बदलून आणि वाट पाहूनच कळते. तुमच्या डॉक्टरांचे वाक्य इथून आलेले आहे.

एक काम मात्र लगेच करा. टॉरिनची गोळी अजून सुरू केली नसेल, तर आधी रक्तातील टॉरिनची तपासणी करून घ्या. एकदा गोळी पोटात गेली की मूळचा आकडा कायमचा हातचा जातो. आणि सईलाही तपासून घ्या. एकाच घरात तेच खाणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याचा इको करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

तर्कट

जुनाजाणता यांचा प्रतिसाद संतुलित आहे, तरीही मला एक शंका मांडू द्या. माझे दोन कुत्रे सहा वर्षे धान्यविरहित खाद्यावर आहेत आणि दोघेही ठणठणीत आहेत. लाखो कुत्रे हे खातात. आजारी किती पडले, तर काही शेकडे नोंदी. शिवाय बातमी आल्यावर जो तो आपल्या कुत्र्याचे खाद्य तपासू लागला आणि नोंदी वाढल्या, अशीही शक्यता आहेच. हृदयविकार झालेले, पण धान्य खाणारे किती कुत्रे कुणी कळवलेच नसतील? माझे म्हणणे एवढेच, की आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर हे ओझे ठेवण्याआधी पुरावा तेवढा भक्कम हवा.

जुनाजाणता

तर्कट, नोंदींच्या पद्धतीवरचा तुमचा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे आणि तो अनेक अभ्यासकांनीही घेतलेला आहे. पण पुरावा कशासाठी भक्कम हवा, हे आधी ठरवू या. एखाद्या उत्पादकाला दोषी ठरवायचे असेल तर हा पुरावा अपुरा आहे. ज्याचे हृदय आत्ता फुगलेले आहे अशा गोल्डन रिट्रीव्हरच्या वाडग्यातून वाटाणे काढायचे असतील तर तो पुरेसा आहे, कारण काढल्याने त्याचे काहीही बिघडत नाही आणि न काढल्यास एकमेव सुधारण्याजोगी शक्यता हातची जाऊ शकते. आणि तुमच्या दोघांचा इको कधी झाला आहे का? ढब्बूही मागच्या महिन्यापर्यंत ठणठणीतच होता.

तर्कट

इको झालेला नाही. मुद्दा मान्य आहे.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. जुनाजाणता, टॉरिनसाठी रक्त काल दिले, ढब्बूचे आणि सईचे, दोघांचेही. रक्त घेताना सई इतकी ओरडली की बाहेर बसलेला ढब्बू तिच्यासाठी दार खरवडू लागला आणि मी त्याला ‘‘उत्तेजित होऊ नकोस’’ असे सांगत त्याच्या मागे धावत होते, म्हणजे अधिक उत्तेजित कोण होते ते सांगायला नको.

खाज होती म्हणून आम्ही धान्य बंद केले होते. आता धान्य पुन्हा सुरू केल्यावर खाज परत आली तर काय करायचे? आणि दुसरे असे, की मला आता कोणत्याही पाकिटावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. मी घरीच शिजवून घालायला सुरुवात करावी असे फार वाटते आहे. मीठ पूर्ण बंद करावे, असे घरातल्या मोठ्यांचे मत आहे, कारण माणसांच्या हृदयविकारात तसेच करतात.

चूलवेडी

पाऊलवाट, घरी शिजवण्याच्या ऊर्मीबद्दल मी अनुभवाने बोलते, कारण मी त्याच वाटेने गेले आणि तोंडघशी पडले.

आमच्या कुत्रीला हृदयाचे निदान झाले त्याच आठवड्यात मी पाकिटे बंद केली. उकडलेले कोंबडीचे मांस, भात आणि भोपळा असे रोज ताजे शिजवू लागले. ती वाडगा चाटून लख्ख करायची आणि मला वाटायचे, की प्रायश्चित्त झाले. चार महिन्यांनी पोषणतज्ज्ञ पशुवैद्यांनी तो आहार संगणकात घालून दाखवला, तेव्हा त्यात कॅल्शियम जवळजवळ नव्हतेच, जस्त आणि तांबे कमी होते, ड जीवनसत्त्व तर नावालाही नव्हते. मी खाद्य बदलले नव्हते, एक कमतरता काढून तिच्या जागी पाच कमतरता आणल्या होत्या. माझ्यासारखे फसलेले पुष्कळ आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या 200 पाककृती तपासल्या होत्या, त्यांपैकी 95 टक्के कृतींत किमान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होते. घरी शिजवता येते, मी आजही शिजवते. पण कृती पोषणतज्ज्ञांनी त्याच कुत्र्यासाठी आखलेली असते, सोबत खनिजांची पूड ग्रॅममध्ये मोजून घालायची असते आणि ‘‘आज भोपळा नाही, तर बटाटा घालू’’ असे चालत नाही.

मिठाबद्दल घरातल्या मोठ्यांना प्रेमाने थांबवा. पूर्वी पशुवैद्यही निदान होताच मीठ तोडायला सांगत असत. पण सोडियम एकदम फार कमी झाले, की मूत्रपिंडांना वाटते शरीरात पाण्याची टंचाई आली आणि ती मीठ-पाणी धरून ठेवणारी संप्रेरकांची साखळी चालू करतात. हृदयविकारात हीच साखळी आवरण्यासाठी तर पुढे औषधे देतात. म्हणून लक्षणे नसताना किंचित, आणि फुप्फुसांत पाणी झाल्यानंतर मध्यम कपात करतात. जेवणापेक्षा खरे मीठ खाऊच्या रूपाने पोटात जाते. चीज, पाव, डबाबंद मांस, आपल्या ताटातला एखादा घास, आणि चघळायच्या काड्या. मी एकदा आठवडाभर असे वरचे सगळे एका डबीत टाकत गेले, प्रत्यक्ष देण्याऐवजी. रविवारी डबी उघडली तेव्हा माझा मीठ कमी करण्याचा कार्यक्रम कुठे गळत होता ते दिसले.

पाकिटावरचे आकडे वाचताना एक फसगत होते, ती टाळा. कोरड्या खाद्यावर सोडियम 0.3 टक्के आणि ओल्या खाद्यावर 0.2 टक्के लिहिले असेल, तर ओले कमी खारट वाटते. पण ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते. कोरड्याच्या शंभर ग्रॅममध्ये 350 कॅलरी असतील, तर दर शंभर कॅलरींमागे साधारण 86 मिलिग्रॅम सोडियम जाते. ओल्याच्या शंभर ग्रॅममध्ये शंभरच कॅलरी असतील, तर तेच 200 मिलिग्रॅम होते. कुत्रा पोट भरतो ते कॅलरींनी, म्हणून तुलना कॅलरींमागेच करायची. कंपनीकडे हा आकडा मागा. देत नसतील, तर तेही एक उत्तरच आहे.

खाजेची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्ये कारण बहुतेक वेळा प्राणिजन्य प्रथिन असते, म्हणजे गोमांस, दूध आणि कोंबडी. गहू त्यानंतर येतो आणि तांदळाची पाळी तर फारच क्वचित. धान्य बंद केले तेव्हा तुम्ही मांसही बदलले होते का, ते आठवून पाहा.

जुनाजाणता

चूलवेडींच्या प्रतिसादात दोनच गोष्टींची भर घालतो. पहिली, प्रथिने कमी करू नका. ‘आजारी कुत्रा, म्हातारा कुत्रा, म्हणून हलके खाणे’ या समजुतीने अनेक जण मूत्रपिंडाच्या रुग्णांचे कमी प्रथिनांचे खाद्य सुरू करतात. हृदयविकारात स्नायू झिजतात, कुत्रा जाड असला तरी झिजतात. मूत्रपिंडे ठीक असतील, तर प्रथिने तोडणे म्हणजे त्या झिजेला हातभार लावणे. दर पंधरा दिवसांनी त्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि डोळ्यांच्या वर, कपाळाच्या बाजूला बोटे फिरवून पाहा. मणके टोचू लागले, कपाळाशी खळगा जाणवू लागला, तर वजनकाटा काहीही म्हणो, डॉक्टरांना सांगा.

दुसरी, माशाच्या तेलातील ओमेगा-3 मेदाम्ले या रुग्णांना उपयोगी पडतात, भूक आणि स्नायू टिकवण्यासाठी विशेषतः. पण माशाचे तेल आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल या वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्यात अ आणि ड जीवनसत्त्वे इतकी असतात, की हृदयाच्या मात्रेत ते दिल्यास विषबाधा होऊ शकते. मात्रा वजनावरून ठरते, ती डॉक्टरांकडून घ्या.

नवे खाद्य आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत आणा. ज्या कंपनीकडे पूर्णवेळ पोषणतज्ज्ञ आहेत आणि जी आपली खाद्ये प्रत्यक्ष कुत्र्यांना घालून तपासते, तिचे साधे, धान्य असलेले खाद्य पुरेसे आहे. पाकिटावर जंगलाचे चित्र असण्याची गरज नाही.

गोळीबहाद्दर

मीठ टाळायचे असेल, तर गोळ्या चीजमध्ये देणे पहिल्यांदा बंद करावे लागते आणि तिथेच बहुतेकांचे अडते. आमचा पठ्ठ्या चीज गिळून गोळी गालात ठेवायचा आणि मी पाठ फिरवली की सतरंजीखाली नेऊन सोडायचा. साफसफाईत सात गोळ्या निघाल्या, तेव्हा औषध लागू का पडत नाही याचा उलगडा झाला. आता बिनमिठाच्या उकडलेल्या मांसाचे तीन एकसारखे गोळे करतो. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात गोळी, आणि तिसरा नाकासमोर धरून ठेवायचा, म्हणजे दुसरा चावायला त्याला सवडच मिळत नाही. पिमोबेंडान मात्र जेवणाच्या साधारण तासभर आधी द्यायचे असते, त्यामुळे त्या वेळी गोळा सुपारीएवढाच ठेवा.

उंबरठा

माझी राणी दोन वर्षांपूर्वी याच आजाराने गेली. ती धान्य खाणारी होती, जन्मभर. हे एवढ्यासाठी लिहिते, की पाऊलवाट, माझ्याकडे दोष देण्यासाठी पाकीटही नव्हते आणि तरीही मी दोष शोधत राहिले. उन्हात फार खेळवले का, ती दमते आहे हे आधी दिसायला हवे होते का, अशी यादी मी केली होती. शोधणारा काहीतरी शोधून काढतोच.

शेवटच्या काही महिन्यांत तिची भूक गेली, तेव्हा मी फार चुका केल्या. डॉक्टरांनी सांगितलेलेच खाद्य तिने खावे म्हणून मी तासतासभर वाडगा घेऊन बसायचे. ती मान वळवायची, मी वाडगा तिकडे फिरवायचे. एके दिवशी ती मला बघून दुसऱ्या खोलीत निघून गेली, कारण मी दिसले की खाण्याचा आग्रह येतो हे तिने ओळखले होते. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, की कुठले तरी आदर्श खाणे न खाण्यापेक्षा कमी आदर्श खाणे खाल्लेले बरे. मग आम्ही खाद्य कोमट करू लागलो, वाडग्याऐवजी पसरट ताटलीत, दिवसातून चार वेळा थोडे थोडे, आणि वीस मिनिटांनी उचलून ठेवायचे. तिला एखादा प्रकार आठवडाभर आवडे, मग नाही. म्हणून तीन प्रकार डॉक्टरांकडून आधीच मंजूर करून ठेवले होते.

अचानक भूक गेली तर तो स्वभाव समजू नका. लघवीच्या औषधामुळे मूत्रपिंडांवर ताण आला असेल किंवा पोटॅशियम घसरले असेल, तरीही भूक जाते. आमच्या बाबतीत एकदा तसेच निघाले आणि मात्रा बदलल्यावर ती पुन्हा खाऊ लागली.

शेपूटवाला

उंबरठा, वाडगा फिरवण्याचे वाचून गलबलून आले. पिंट्याबरोबर मी परवाच हे केले होते. आजपासून बंद.

पाऊलवाट

अकरा आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

आधी टॉरिनचे. ढब्बूचे स्पष्टपणे कमी आले. सईचे व्यवस्थित आले आणि तिचा इकोही निर्दोष निघाला. एकच खाद्य, एकच घर, एकच वाढणारी मी. तर्कट आणि जुनाजाणता या दोघांनाही यात आपापला मुद्दा सापडेल, म्हणून मुद्दाम लिहिले. तिचेही खाद्य आम्ही बदलले आहे.

ढब्बू आता भात आणि ओट्स असलेल्या साध्या खाद्यावर आहे, सोबत डॉक्टरांनी ठरवून दिलेले टॉरिन आणि माशाचे तेल. खाज परत आलेली नाही. चूलवेडी, तुम्ही विचारल्यावर जुने फोटो काढून बघितले, तर खरेच, त्या वेळी आम्ही धान्याबरोबर कोंबडीही सोडली होती आणि मासे सुरू केले होते. चार वर्षे मी श्रेय चुकीच्या बदलाला देत होते. नवे खाद्यही मुद्दाम माशाचेच घेतले आहे.

परवा दुसरा इको झाला. छातीवर आणि बगलेत केस भादरलेले चौकोन आत्ता कुठे भरून येत होते, ते पुन्हा भादरले गेले. डॉक्टर बराच वेळ गप्प राहून मापे घेत होते आणि मी त्यांच्या भुवयांवरून निकाल वाचायचा प्रयत्न करत होते. आकुंचन आधीपेक्षा सुधारले आहे, कप्पा किंचित आक्रसला आहे. हे खाण्यामुळे की पिमोबेंडानमुळे, असे विचारले, तर ते म्हणाले, ‘‘दोन्ही एकदम सुरू केले, तर श्रेय वाटून देता येत नाही. मला ते वाटूनही द्यायचे नाही. दोन्ही चालू ठेवा.’’ चोवीस तासांचे होल्टर, म्हणजे ठोके सलग नोंदवणारे यंत्र, लावले होते, त्यात चुकलेले ठोके कमी झालेले दिसले, मात्र थांबलेले नाहीत. मध्ये एकदा तो पुन्हा पडला होता, तेही सांगून टाकते. त्यानंतर आम्ही बेल काढून टाकली, येणारे लोक आता फोन करतात.

वही चालू आहे. आकडे सोळा ते एकवीस. पहिल्या पानांवर दिवसाला सहा-सहा नोंदी आहेत, त्यांतल्या काही पहाटे साडेतीनच्या. गेल्या महिन्यात दिवसाला एकच आहे आणि दोन दिवसांची जागा कोरी आहे, कारण त्या दोन्ही रात्री मीच त्याच्याआधी झोपले.

उरलेले दीड पोते काय केले, असे एकीने निरोपात विचारले होते. दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला द्यायला मन धजावले नाही, फेकून दिले. डॉक्टरांनी मात्र पाकिटाचा घटकांचा आणि तुकडी क्रमांकाचा भाग कापून फाइलला लावायला सांगितला होता, तो लावला आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कुत्र्याचे निदान नुकतेच झाले असेल, तर पोते टाकण्याआधी तेवढा कागद जपून ठेवा. पुढचा इको चार महिन्यांनी आहे, झाला की इथेच लिहीन.